अलेक्झांडरवोल: गव्हाच्या शेतांमधली एक मेनोनाइट मंडळी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरापासून उत्तरेला सुमारे तासाभराच्या अंतरावर, गेसल नावाचे पाच-साडेपाचशे वस्तीचे गाव आहे. गाव मागे टाकून हमरस्त्याने आणखी थोडे उत्तरेला गेले, की चहूकडच्या सपाट शेतांत एक भलेमोठे चर्च उभे दिसते. आसपास बाजार नाही, दाट वस्ती नाही, आणि तरीही या इमारतीत शेकडो माणसे बसू शकतील एवढी जागा आहे. हे अलेक्झांडरवोल मेनोनाइट चर्च. सध्याची वास्तू १८८६ मध्ये बांधलेली आणि १९२८ मध्ये वाढवून नव्याने घडवलेली आहे; पण तिच्यात दर रविवारी उपासनेला जमणारी मंडळी वास्तूपेक्षा कितीतरी जुनी आहे. ही मंडळी प्रथम पोलंडमध्ये नांदली, नंतर रशियाच्या साम्राज्यात राहिली आणि १८७४ मध्ये, आपले ‘वडील’ (म्हणजे मंडळीचे प्रमुख), आपले उपदेशक आणि आपली नोंदवही बरोबर घेऊन, जवळजवळ एकगठ्ठा अमेरिकेत आली. एखादे कुटुंब देशांतर करते हे आपण नेहमी पाहतो. अख्खी मंडळी एका देशातून दुसऱ्या देशात उचलून नेली जाते, ही गोष्ट मात्र विरळ आहे. ती का घडली, आणि अशा मंडळीने ‘मिशन’ या शब्दाखाली पुढे काय काय केले, हे समजून घ्यायचे तर आधी मेनोनाइट म्हणजे कोण, हे पाहावे लागते.

मेनोनाइट हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती परंपरेचाच एक फाटा आहे, पण ल्यूथर किंवा कॅल्विन या धर्मसुधारकांच्या मुख्य प्रवाहापासून तो अगदी सुरुवातीलाच वेगळा झाला. जानेवारी १५२५ मध्ये झुरिच शहरात कॉनराड ग्रेबेल, फेलिक्स मांझ आणि जॉर्ज ब्लाउरॉक या तरुणांनी व त्यांच्या सोबत्यांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांचे म्हणणे साधे होते: तान्ह्या मुलाला श्रद्धा कळत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा खरा नव्हे, समजत्या वयात, स्वतःच्या मुखाने कबुली देऊन जो घेतला जातो तोच खरा. आज हे ऐकून कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत, पण त्या काळी बाप्तिस्म्याची नोंद म्हणजेच नागरिकत्वाची नोंद होती. जन्मलेले प्रत्येक मूल आपोआप राज्याच्या चर्चमध्ये दाखल होई, आणि त्याच नोंदीवर कर, निष्ठा व शिस्त हे सारे उभे होते. ‘आम्ही आमच्या मनाने ठरवू’ असे म्हणणे हा राजद्रोह ठरला, आणि जानेवारी १५२७ मध्ये फेलिक्स मांझला झुरिचच्या लिम्माट नदीत बुडवून मारण्यात आले.

ही चळवळ उत्तरेकडे नेदरलँड्समध्ये पसरली. तेथे विटमारसुम गावचा कॅथलिक धर्मगुरू मेनो सिमन्स १५३६ मध्ये आपले पद सोडून तिच्यात सामील झाला. मेनोने पंथ स्थापन केला नाही. छळाने विखुरलेल्या आणि काही ठिकाणी हिंसेच्या वाटेला लागलेल्या लोकांना त्याने लिहून, फिरून, लपतछपत एकत्र आणले, आणि त्याच्या नावावरून लोक त्यांना मेनोनाइट म्हणू लागले. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे, राज्यसत्तेपासून अंतर राखणे आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे रोजचे जगणे हे त्यांचे नियम झाले. त्यांच्या घराघरांत सांगितली जाणारी एक कथा डर्क विलेम्सची आहे. १५६९ मध्ये हा डच माणूस कैदेतून निसटून गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. त्याचा पाठलाग करणारा पहारेकरी बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा डर्क मागे फिरला आणि त्याने त्याला वर काढले. तो लगेच पकडला गेला आणि त्याला जाळून मारण्यात आले. शत्रूचा जीव वाचवताना आपला गेला तरी चालेल, एवढ्या टोकाची ही शिकवण आहे; ती पचायला अवघड आहे, आणि मेनोनाइटांनाही ती प्रत्येक पिढीत अवघडच गेली आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. घोडागाड्यांतून फिरणारे, वीज नाकारणारे म्हणून जे लोक चित्रांत दिसतात ते बहुधा आमिश असतात. १६९३ च्या सुमारास याकोब अम्मान याच्या अनुयायांनी स्विस मेनोनाइटांपासून फारकत घेतली, त्यांतून आमिश निघाले. काही जुन्या वळणाचे मेनोनाइट अजूनही तसे राहतात, पण अलेक्झांडरवोलचे शेतकरी वातानुकूलित केबिनच्या कंबाइन हार्वेस्टरवर बसून गहू कापतात.

मंडळी चालते कशी

मेनोनाइटांच्या जगात सगळ्यात महत्त्वाचा घटक म्हणजे स्थानिक मंडळी. वरून बिशप नेमून पाठवत नाही, राज्य पगार देत नाही. जन्माने कोणी सभासद होत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या आगेमागे मुलेमुली धर्मशिक्षणाचा वर्ग पुरा करतात, मंडळीसमोर आपल्या विश्वासाची कबुली देतात आणि मग बाप्तिस्मा घेऊन आत येतात. जुन्या पद्धतीत उपदेशक सभासदांतूनच मतदानाने निवडला जाई. तो शेतकरी असे, त्याला वेतन नसे, आणि निवड झाली की ती जन्मभराची जबाबदारी. आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी उपदेश करायचा. उपदेशकांतून एकाला ‘एल्डर’ म्हणजे वडील करीत, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन देण्याचा अधिकार फक्त त्याला असे. वेतन घेणारे, धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात शिकलेले पाळक ही विसाव्या शतकातली व्यवस्था आहे. पण मोठे निर्णय आजही सभासदांच्या सभेत, मतदानाने होतात. ही रचना लक्षात घेतली, की मंडळी जागेवरून हलवता येते हे कोडे उरत नाही. जिचा आधार बांधलेले देऊळ किंवा राजाचे फर्मान नसून एकमेकांना दिलेला शब्द आहे, ती संस्था जहाजातही चालू राहू शकते.

अलेक्झांडरवोलचे मूळ व्हिस्टुला नदीकाठच्या प्शेहुफ्का या गावात आहे. हे गाव आजच्या पोलंडमध्ये, श्व्येच्ये शहराजवळ होते. डच भागांतून छळामुळे निघालेल्या मेनोनाइटांना पोलिश जमीनदारांनी येथे आसरा दिला, कारण पाणथळ, पुराच्या जमिनी बांध घालून लागवडीस आणण्याची कला त्यांना अवगत होती. पोलंडच्या फाळणीनंतर १७७२ पासून हा मुलूख प्रशिया या जर्मन राज्याच्या ताब्यात गेला आणि अडचण सुरू झाली. प्रशियात जमीन आणि सैन्यभरती एकमेकांना जोडलेल्या होत्या. मेनोनाइटाने शेत विकत घेतले, की त्या शेतावरून मिळणाऱ्या शिपायाला राज्याला मुकावे लागे. म्हणून मेनोनाइटांच्या जमीनखरेदीवर निर्बंध आले, आणि सैन्यसेवेतून सूट मिळण्याच्या बदल्यात त्यांना कुल्म येथील लष्करी विद्यालयासाठी दरवर्षी ५,००० थालर (तेथील चांदीची नाणी) द्यावे लागू लागले. शस्त्र धरायचे नाही म्हणून शस्त्र शिकवणाऱ्या शाळेचा खर्च उचलायचा, हा व्यवहार त्यांनाही खटकत असणारच. मुले वाढत होती, जमीन वाढत नव्हती.

याच मंडळीतल्या याकोब वेडेल या वडिलांनी १७८४ मध्ये एक नोंदवही लिहायला घेतली. कोणत्या घरात कोण जन्मले, कोणाचे लग्न कोणाशी झाले, कोण कधी गेले, याची मागच्या शतकापर्यंत पोहोचणारी माहिती त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गोळा करून तीत मांडली. बुलर, रॅट्झलाफ, श्मिट, व्होट, उनरुह, वेडेल ही तीतली आडनावे आजही गेसलच्या परिसरात भेटतात. नोंदवही मंडळीबरोबर आधी रशियात आणि मग अमेरिकेत गेली. राजाने दिलेल्या सनदेपेक्षा या वहीलाच मंडळीची खरी मालमत्ता म्हणावे लागेल.

रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने १७६३ च्या जाहीरनाम्याने परदेशी शेतकऱ्यांना दक्षिणेकडच्या गवताळ प्रदेशात बोलावले होते. मेनोनाइटांची पहिली वसाहत १७८९ मध्ये खोर्तित्सा येथे आणि दुसरी, अधिक मोठी, १८०४ मध्ये मोलोच्ना नदीकाठी झाली. दोन्ही ठिकाणे आजच्या युक्रेनमध्ये आहेत. सैन्यसेवेतून कायमची सूट, स्वतःच्या शाळा आणि स्वतःचा गावकारभार असे वचन त्यांना मिळाले होते. प्शेहुफ्काचे लोक पेटर वेडेल या वडिलांच्या नेतृत्वाखाली १८२० मध्ये निघाले. वाटेत त्यांची झार अलेक्झांडर पहिला याच्याशी गाठ पडली, त्याने त्यांचे क्षेमकुशल चिंतले, आणि त्या शुभेच्छेची आठवण म्हणून १८२१ मध्ये वसवलेल्या गावाला अलेक्झांडरवोल हे नाव मिळाले, अशी मंडळीची परंपरा सांगते. सम्राटाची रस्त्यात भेट होण्याच्या कथा अनेक वसाहतींच्या असतात, त्यामुळे मी ती परंपरा म्हणूनच घेतो. नाव मात्र टिकले.

पन्नास वर्षे बरी गेली. मोलोच्नाच्या साठाच्या आसपास गावांत गव्हाची शेती फळली, मेंढ्या आणि शाळा वाढल्या. त्याच वेळी जमिनीचा तुकडाही नसलेल्या कुटुंबांची संख्या इतकी वाढली, की १८६० च्या दशकात वसाहतीतच श्रीमंत आणि भूमिहीन अशी तेढ उभी राहिली. शांतीचा उपदेश करणाऱ्या समाजातही जमिनीचे भांडण व्हायचे ते होतेच. मग १८७० मध्ये सरकारने परकीय वसाहतींच्या सवलती संपणार असल्याचे कळवले आणि १८७४ मध्ये सर्वांना लागू होणारा सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला.

१८७४

त्याच्या आदल्या वर्षी, १८७३ मध्ये, बारा प्रतिनिधींचे एक मंडळ उत्तर अमेरिकेची पाहणी करायला गेले. अलेक्झांडरवोलचे वडील याकोब बुलर त्यांत होते. या लोकांनी मॅनिटोबापासून टेक्सासपर्यंत माती, पाणी, भाव आणि कायदे पाहिले. झारचे सरकारही स्वस्थ बसले नाही. असे मेहनती शेतकरी हातचे जाऊ नयेत म्हणून जनरल टोटलेबेन यांना पाठवून, बंदुकीऐवजी सरकारी जंगलांत काम करण्याची सवलत देऊ केली. बहुतेक मेनोनाइटांनी ती स्वीकारली आणि ते राहिले. १८७० च्या दशकात सुमारे १८,००० निघाले, आणि निघालेल्यांत अलेक्झांडरवोल जवळजवळ सबंध होते.

प्रवासाची तयारी म्हणजे घरे-शेते पडत्या भावाने विकणे आणि पाव भाजणे. त्स्वीबाक नावाचा त्यांचा एक पाव असतो: लोण्याचा मऊ गोळा, त्यावर बोटाने दाबून बसवलेला दुसरा छोटा गोळा, आणि मग भट्टी. प्रवासाला निघताना हेच पाव पुन्हा कडक भाजून, खारी-टोस्टसारखे वाळवून, गोण्यांत भरत. कॉफीत बुडवून ते आठवडेच्या आठवडे खाता येत. हॅम्बर्गहून ‘सिम्ब्रिया’ आणि ‘ट्युटोनिया’ या दोन जहाजांनी ही मंडळी निघाली आणि ऑगस्टअखेर व सप्टेंबरच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरली. एकूण सुमारे आठशे माणसे होती. पुढे कॅन्ससमध्ये त्यांचे दोन भाग झाले: बुलर यांच्याबरोबरचे लोक गेसल परिसरात स्थिरावून त्यांनी अलेक्झांडरवोल हे नाव राखले, आणि डिट्रिख गेडर्ट यांच्याबरोबरच्यांनी पश्चिमेला होफनुंग्साऊ मंडळी उभारली.

त्यांना कॅन्ससला आणणारी शक्ती धर्माची नव्हती, रेल्वेची होती. अॅचिसन, टोपीका अँड सांता फे या रेल्वे कंपनीला लोहमार्ग टाकण्याच्या बदल्यात सरकारने मार्गाच्या दोन्ही बाजूंची एकाआड एक चौकोनी क्षेत्रे बहाल केली होती. ती विकली गेली तर पैसा येणार, आणि तेथे शेती झाली तर मालवाहतूक मिळणार. कंपनीचा जर्मन वंशाचा वसाहत-अधिकारी सी. बी. श्मिट याने मेनोनाइटांसाठी जंग जंग पछाडले. आल्या आल्या डोक्यावर छप्पर असावे म्हणून लांबलचक निवासी छपऱ्याही बांधून दिल्या. राज्याच्या विधिमंडळाने त्याच वर्षी, धार्मिक कारणाने शस्त्र नाकारणाऱ्यांना राज्याच्या मिलिशियातून, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्यातून, सूट देणारी तरतूद केली. हे सारे होत असतानाच १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाडीने कॅन्ससचा फडशा पाडला होता. जुने वसाहतदार गाडीवर सामान लादून परत निघाले होते, त्याच सुमारास हे लोक पेटारे घेऊन उतरत होते.

या चित्रात एक समूह दिसत नाही, आणि मेनोनाइटांच्या आठवणींतही तो फार काळ दिसत नव्हता. ज्यांच्या नावावरून कॅन्ससला नाव मिळाले त्या कॉ, म्हणजेच कान्झा, या मूळनिवासी लोकांना १८७३ मध्ये त्यांच्या शेवटच्या राखीव भूमीवरून काढून दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात, धाडण्यात आले. एका वर्षाच्या अंतराने एक समाज तेथून घालवला गेला आणि दुसरा, स्वतः ठिकठिकाणांहून निघावे लागलेला, तेथे आणून बसवला गेला. जमीन रीतसर विकत घेतली होती, हे खरे. पण विकणाऱ्याकडे ती कशी आली हा प्रश्न त्याने सुटत नाही.

नव्या देशात त्यांनी जुन्यासारखीच गावे बसवून पाहिली. होखफेल्ड, ब्लूमेनफेल्ड, ग्नाडेनथाल, एम्माथाल अशा नावांच्या आठ वाड्या, एका रांगेत घरे, मागे लांब पट्ट्यांची शेते. पण अमेरिकेची जमीन मैल-मैलाच्या चौकोनांत मोजलेली होती, खरेदीखते तशीच होती, आणि ज्याच्या नावावर जे क्षेत्र त्यावर जाऊन राहणेच सोयीचे होते. थोड्याच वर्षांत वाड्या मोडल्या आणि घरे शेतांवर विखुरली. चर्च शेतांच्या मध्ये एकटे का उभे आहे, याचे उत्तर येथे आहे: ते गावाचे नसून विखुरलेल्या शेतघरांचे चर्च आहे. गेसल गाव तर नंतरचे. १८९५ मध्ये उत्तर समुद्रात बुडालेल्या ‘एल्बे’ जहाजाचे कप्तान फॉन गेसल यांचे नाव त्याला दिले गेले.

या लोकांबरोबर टर्की रेड नावाचा कडक दाण्याचा हिवाळी गहू आला. हेमंतात पेरायचा, बर्फाखाली झोपू द्यायचा आणि उन्हाची होरपळ सुरू होण्याआधी कापायचा. मुलांनी रशियात एकेक दाणा निवडून पेटाऱ्यांत भरला, अशी गोड कथा सांगितली जाते. खरी गोष्ट तितकी सुटसुटीत नाही. सुरुवातीला गिरणीवाले या गव्हाला नाक मुरडत, कारण त्यांच्या दगडी जात्यांवर तो नीट दळला जात नसे. पोलादी रुळांच्या गिरण्या आल्या, न्यूटन गावच्या बर्नहार्ड वॉरकेंटिन या मेनोनाइट गिरणीमालकाने बियाणे मागवले, आणि मग काही दशकांनी कॅन्सस हे गव्हाचे कोठार झाले. गेसलच्या संग्रहालयात मळणीचे दगडी रूळही ठेवले आहेत. दातेरी चक्रासारखा कोरलेला तो जड दंडगोल घोड्यामागे जुंपून खळ्यावर फिरवायचा. रशियात तो चालत असे, म्हणून येथेही घडवून घेतला, पण अमेरिकेत मळणीयंत्रे आधीच आली होती आणि दगड कोपऱ्यात पडले.

मिशन म्हणजे काय काय

आता मिशनकडे वळू. मेनोनाइटांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ बदलत गेला आहे, आणि तो बदल अलेक्झांडरवोलच्या इतिहासात चांगला दिसतो. ही मंडळी ज्या ‘जनरल कॉन्फरन्स’ या महासंघात सामील झाली, त्याची स्थापना १८६० मध्ये आयोवा राज्यात झाली होती, आणि दूरदेशी प्रचारक पाठवणे हा त्याच्या स्थापनेमागचा एक मोठा हेतू होता. अलेक्झांडरवोलमधून गेलेला सर्वांत प्रसिद्ध प्रचारक म्हणजे हाइनरिख रिखर्ट व्होट. १८५५ मध्ये रशियातल्या अलेक्झांडरवोल गावी जन्मलेला हा तरुण १८७४ मध्ये मंडळीबरोबर आला, पुढे अरापाहो या मूळनिवासी लोकांत काम करून १८९३ मध्ये अॅरिझोनात होपी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांच्या ओराइबी गावी गेला. त्याने होपी भाषा शिकली, त्यांचे विधी, कथा, गाणी बारकाईने टिपली, आणि शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी वस्तूंचा प्रचंड संग्रह केला. विद्वानांना त्याचा उपयोग झाला. होपींच्या आठवणीत मात्र तो बोलावल्याविना भूमिगत पूजास्थानांत शिरणारा, गुप्त विधींची छायाचित्रे घेणारा, पवित्र वस्तू नेणारा माणूस म्हणून राहिला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. १९०१ मध्ये त्याने ओराइबीच्या कड्यावर दगडी चर्च बांधले. १९४२ मध्ये ते वीज पडून नष्ट झाले, आणि त्याचे पडके अवशेष तेवढे राहिले. स्वतःच्या श्रद्धेत कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून तीन देश बदललेल्या मंडळीच्या पुत्राने दुसऱ्याच्या श्रद्धेबाबत असे वागावे, हा विरोधाभास झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

भारताशी या महासंघाचा संबंध दुष्काळातून आला. १८९७ च्या आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांच्या बातम्या कॅन्ससच्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा त्यांनी पैसा आणि धान्य गोळा केले, आणि त्यांच्यातले एक पुढारी डेव्हिड गोर्ट्झ मदतीच्या कामासाठी हिंदुस्थानात येऊन गेले. १९०० मध्ये पेनर आणि क्रोकर ही दोन जोडपी निघाली आणि चांपा व जांजगीर येथे त्यांनी ठाणी उभारली. ही गावे आज छत्तीसगडमध्ये आहेत. तेव्हा ती मध्य प्रांतात होती, ज्याची राजधानी नागपूर होती. पी. ए. पेनर यांच्याकडे रस्त्यावरचे कुष्ठरोगी आश्रयाला येऊ लागले आणि १९०२ मध्ये चांप्यात कुष्ठधाम सुरू झाले. दुसऱ्या एका मेनोनाइट शाखेने १८९९ पासून धमतरीत काम मांडले होते, तेथील रुग्णालय अजून चालते. मिशनऱ्यांचे दिवस संपले तरी मंडळ्या राहिल्या. तेलंगणातल्या मेनोनाइट ब्रदरन मंडळ्या धरल्या तर भारतातल्या मेनोनाइटांची संख्या लाखाच्या पुढे जाते, आणि १९९७ मध्ये जगभरच्या मेनोनाइटांचे महासंमेलन कोलकात्यात भरले होते.

अमेरिकेत मात्र पहिल्या महायुद्धाने या समाजाला जबर हादरा दिला. १९१७ च्या भरती कायद्यात सदसद्विवेकाने नकार देणाऱ्यांची नीट सोय नव्हती. मुलांना कॅन्ससमधल्याच कॅम्प फन्स्टनसारख्या छावण्यांत हजर व्हावे लागे, आणि गणवेश नाकारणाऱ्यांना तेथे मार व शिव्या मिळत. घरी जर्मन बोलणारे, युद्धरोखे न घेणारे शेतकरी संशयित ठरले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध संपल्याच्याच दिवशी, बर्टन गावात जॉन श्राग या मेनोनाइट शेतकऱ्याला जमावाने शेतावरून ओढून आणले आणि झेंड्याचा अपमान केल्याचे म्हणत त्याच्यावर पिवळा रंग ओतला. त्याच्यावरच खटला भरण्यात आला. तो टिकला नाही. चर्चमधली जर्मन भाषा यानंतरच्या दोन-तीन दशकांत मागे पडली आणि इंग्रजी आली.

या अनुभवातून एक प्रश्न पुढे आला: ‘आम्ही लढणार नाही’ हे ठीक, पण मग तुम्ही करणार काय? मला वाटते, मेनोनाइटांच्या विसाव्या शतकातल्या मिशनचा मोठा भाग हे या प्रश्नाचे उत्तर आहे. १९२० मध्ये मेनोनाइट सेंट्रल कमिटी, म्हणजे एमसीसी, स्थापन झाली. मोलोच्नात मागे राहिलेल्या भाईबंदांवर यादवी युद्ध आणि दुष्काळ कोसळला होता. १९२२ मध्ये एमसीसीची अन्नछत्रे तेथे रोज हजारोंना जेवू घालत होती, आणि मेलेल्या घोड्यांच्या जागी नांगरणीसाठी ५० फोर्डसन ट्रॅक्टर पाठवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४७ दरम्यान, सुमारे १२,००० तरुणांनी लष्कराऐवजी ‘सिव्हिलियन पब्लिक सर्व्हिस’मध्ये बिनपगारी काम केले, त्यांचा मोठा भाग मेनोनाइट होता आणि छावण्यांचा खर्च चर्चेस उचलत होती. सगळ्यांनी ही वाट धरली असे नाही. बरेच मेनोनाइट तरुण सैन्यातही गेले, आणि मंडळ्यांमध्ये त्यावरून कटुता आली. पण जे मनोरुग्णालयांत कामाला गेले त्यांनी तेथली दुर्दशा डोळ्यांनी पाहिली, आणि युद्धानंतर मेनोनाइटांनी स्वतःची मानसिक आरोग्य केंद्रे काढली. न्यूटनचे १९५४ मधले प्रेअरी व्ह्यू त्यांपैकीच एक. १९५० मध्ये हेस्टन परिसरातल्या तरुणांच्या चर्चेतून आपत्तीत घरे बांधून देणारी मेनोनाइट डिझास्टर सर्व्हिस निघाली.

ग्रामीण मंडळीच्या वाट्याला यातले जे काम येते ते हाताचे असते. बायका, आणि आता पुरुषही, एकत्र बसून जाड पांघरुणे करतात: रंगीत कापडाचे चौकोन जोडून वरचा पदर, मध्ये भरण, खाली अस्तर, आणि चार-चार बोटांवर सुतळीसारख्या धाग्याची गाठ. गोधडीला जसे टाके तशा यांना गाठी, एवढाच फरक. वही, पेन्सिली, पट्टी, रंग असे शाळेचे सामान नाडीच्या कापडी पिशव्यांत भरून एमसीसीकडे जाते. १९४६ पासून मांस डबाबंद करणारे एक फिरते यंत्र ट्रकवरून गावोगाव येते. शेतकरी पहाटेपासून पाळ्या लावून मांस कापतात, डब्यांत मीठ घालून भरतात, झाकणे बसवतात, दाबाखाली शिजवतात आणि थंड झालेल्या डब्यांवर हाताने चिठ्ठ्या चिकटवतात. हचिन्सनला दर एप्रिलमध्ये मदतनिधीसाठी लिलाव भरतो. तेथे गोधड्या, जुने ट्रॅक्टर आणि घरचे त्स्वीबाक विकले जातात, आणि एकच पाव परत परत लिलावात काढून हजारो डॉलर उभे केले जातात.

जवळची सेवा याहून कमी बोलली जाते. याच मंडळीच्या पुढाकाराने १९०० च्या आसपास गेसलला बेथेस्डा हे रुग्णालय आणि वृद्धाश्रम निघाला. उत्तर अमेरिकेतल्या मेनोनाइटांच्या सर्वांत जुन्या रुग्णालयांत त्याची गणना होते. मंडळी वाढली तशी तिच्यातून १९०८ मध्ये टेबर आणि १९२० मध्ये गेसल या मंडळ्या वेगळ्या झाल्या. विद्यार्थी बेथेल कॉलेजला गेले, ज्याचे पहिले अध्यक्ष कॉर्नेलियस वेडेल हे अलेक्झांडरवोलच्याच लोकांतले होते.

आज अडचण छळाची नाही. शेते मोठी झाली, माणसे कमी लागतात, आणि शिकलेली मुले विचिटा, कॅन्सस सिटी किंवा आणखी दूर राहतात. २००२ मध्ये जुने महासंघ एकत्र येऊन मेनोनाइट चर्च यूएसए बनले; त्यानंतर समलिंगी सभासदांच्या प्रश्नावरून अनेक मंडळ्या त्यातून बाहेर पडल्या, कारण राहायचे की निघायचे हे ठरवण्याचा अधिकार अखेर प्रत्येक मंडळीच्या सभेकडेच आहे. जमिनीचा जुना प्रश्नही आता उघड बोलला जातो. आदिवासींच्या भूमीवर ‘शोध’ लावणाऱ्याचा हक्क मानणारा जुना ख्रिस्ती सिद्धान्त नाकारण्याच्या चळवळीत मेनोनाइट पुढे आहेत. नाकारल्यानंतर जमिनीचे काय करायचे, यावर मात्र एकमत नाही, आणि गव्हाच्या ज्या शेतांवर मंडळीचे मदतकार्य उभे आहे त्यांच्याच सातबाऱ्याचा प्रश्न असल्यामुळे ते लवकर होण्याची चिन्हेही दिसत नाहीत.